तिसरं सस्पेन्शन

गाडीचा रंग पाच मिनिटांत ठरला. सीटच्या कापडाला जरा वेळ लागला. अडलं ते सस्पेन्शनवर.

नाशिकच्या शोरूममध्ये काचेच्या टेबलाशी तृप्ती आणि निशिकांत गुंजाळ बसले होते. तृप्तीच्या पाठीमागे दोन उशा होत्या, एक शोरूमची आणि एक संगमनेरहून घरून आणलेली. समोर रुखसार बागवान नावाची विक्री अधिकारी होती. तिनं टेबलाच्या काचेवर तीन चित्रं उमटवली.

"हे पहिलं, साधं. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आजवर असायचं तसंच. दुसऱ्यात डॅशबोर्डवर बटण मिळतं. मऊ, मध्यम, कडक. रस्ता बघून तुम्ही फिरवायचं. आणि तिसरं..." ती तृप्तीकडे वळली, "तिसरं तुमच्यासारख्यांसाठीच आहे, मॅडम. सांभाळ पॅकेज."

'तुमच्यासारख्यांसाठी' हे तृप्तीला टोचलं. चौदा वर्षं ती दूध संघाची पशुवैद्य म्हणून अकोले तालुक्याच्या डोंगरवाड्यांमधून हिंडली होती. गेल्या वर्षी एका बिथरलेल्या म्हशीनं तिला गोठ्याच्या भिंतीशी दाबलं आणि कमरेचे दोन मणके मोडले. धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू घालून ते जोडावे लागले. पाच महिने ती खाटेवर होती. आता हाड जुळलं होतं. अजून सहा महिने मोठे हादरे टाळा, मग हळूहळू कामाला लागा, असं सर्जननं सांगितलं होतं.

"तिसऱ्यात नेमकं काय होतं?" निशिकांतनं विचारलं. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होता. कुठलीही गोष्ट मोजली जाते म्हटलं की त्याचे कान टवकारत.

रुखसारनं समजावून सांगितलं. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये साधं तेल नसतं, लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं तेल असतं. त्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं की पापणी लवायच्या आत ते तेल घट्ट होतं, क्षेत्र काढलं की पुन्हा पातळ. पुढचे कॅमेरे खड्डा आधीच बघतात आणि चाक तिथं पोहोचेपर्यंत प्रत्येक डॅम्पर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, किती घट्ट हवा ते ठरलेलं असतं. इथपर्यंतचं तंत्र जुनंच होतं. नवं होतं ते सीटमध्ये. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी आपलं शरीर अगदी किंचित हलतं, आपल्याला कळतही नाही. सीटखालचे संवेदक ते हलणं टिपत. पाठीचे स्नायू किती आवळले, श्वास कुठं अडला, हेही त्यांना कळे. त्यावरून गाडी प्रवाशाच्या वेदनेचा आकडा काढी, शून्य ते शंभर. मग त्या एका माणसाच्या शरीराला काय सोसतं ते शिकत जाई.

"आणि कंपनीची हमी आहे," रुखसार म्हणाली. "सुरक्षित प्रवासी म्हणून ज्यांचं नाव लावाल त्यांना मर्यादेबाहेरचा हादरा बसणार नाही. बसला तर उपचारांची जबाबदारी आमची."

"मला ते बटणाचं बरं वाटतंय," तृप्ती म्हणाली.

"बटण तू फिरवणार का पाठ सांभाळणार?"

"माझी पाठ आहे निशी. मला कळतं ना कधी कडक हवं, कधी मऊ."

पाच महिने निशिकांतनं तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं होतं, अंघोळ घातली होती, तिच्या ओरडण्यानं दचकून जागा झाला होता. त्याचा चेहरा बघून तृप्तीला ते सगळं आठवलं.

"नंतर बदलता येतं का?" तिनं रुखसारला विचारलं.

"तिसऱ्यावरून खाली येता येत नाही, मॅडम, कारण डॅम्परच वेगळे असतात. मालकांनी जबाबदारी स्वतःवर घेऊन सांभाळ बंद केलं, तर तेल कायमचं घट्ट होऊन बसतं. मग ती गाडी म्हणजे बैलगाडीच." ती हसली. "पण अजून कुणी बंद केलेलं नाही."

"घे तिसरं," तृप्ती निशिकांतला म्हणाली. "तुझ्या जिवाला तेवढंच बरं."

मालक म्हणून त्याचं नाव लागलं. सुरक्षित प्रवासी म्हणून तिचं.

*

पहिले काही महिने खरंच सुखाचे गेले. नाशिकहून गाडी घेऊन येताना तृप्तीला झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी घराच्या फाटकाशी होती आणि दाराची मूठ घट्ट धरून बसायला ती विसरली होती. अपघातानंतर असं पहिल्यांदाच झालं होतं. निशिकांतचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तुझं बरोबर होतं."

सहा महिने झाले. सर्जननं तपासलं आणि कामाला परवानगी दिली. पहिल्याच आठवड्यात तृप्ती एकटी सावरदऱ्याला निघाली. गाडी स्वतःच चालायची. तिला फक्त जागा सांगायची असे. सावरदरा म्हणजे तीस-चाळीस घरांची वाडी. मोठ्या रस्त्यावरून फाटा फुटला की सात किलोमीटर दगडधोंड्यांची वाट होती. गाडी त्या वाटेवरून अशी गेली की डबक्यातली बेडकंसुद्धा हलली नसतील. वाडीतल्या मंदा भांगरेनं तिला बघितलं आणि हातातली पाटी खाली टाकून ती धावत आली.

"मॅडम! आता येतच न्हाई म्हनत व्हते समदे!"

"कोण म्हणत होतं? आले ना!"

त्या दिवशी तिनं सात जनावरं तपासली. परत येताना ती गाडीत एकटीच गाणं म्हणत होती.

पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा सावरदरा सांगितलं. गाडी फाट्यापर्यंत गेली आणि बाजूला घेऊन थांबली.

"पुढचा रस्ता तृप्ती यांच्यासाठी योग्य नाही," गाडीनं सौम्य आवाजात सांगितलं. "आपण परत जाऊ या का?"

"मागच्या आठवड्यात तर गेलीस!"

"मागच्या प्रवासात तृप्ती यांना त्रास झाला होता. आपण परत जाऊ या का?"

त्रास? कुठला त्रास? तिनं चाक हातात घेतलं, पण गाडी जागची हलेना. सुरक्षित प्रवासी आत असताना मर्यादेबाहेरच्या रस्त्यावर ती कुणाच्याच हातानं चालत नसे.

मग राजूरचा रस्ता बंद झाला, आणि तो तर सगळा काँक्रीटचा होता. मग अकोल्याच्या बाजाराकडचा. गाडीच्या पडद्यावर तिच्यासाठी मोकळे असलेले रस्ते हिरवे दिसत. दर आठवड्याला तो हिरवा रंग तव्यावरचं पाणी आटावं तसा आटत गेला. शेवटी उरलं ते दवाखाना, निशिकांतचा कारखाना, दूध संघाचं ऑफिस, नणंदेचं घर आणि मोठा महामार्ग. नणंदेच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खणलेला चर गुडघाभर खोल होता. तिथं मात्र गाडी बिनतक्रार जायची.

*

दर रविवारी निशिकांतच्या फोनवर गाडीचा अहवाल येई. एका रविवारी जेवताना त्यानं तो तिच्यासमोर धरला.

"हे बघ. राजूर रस्ता, सत्तर. अकोले बाजार, चौसष्ट. सावरदऱ्याला तर एकोणनव्वद! एवढं दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस?"

"दुखत नव्हतंच."

"तृप्ती."

"अरे खरंच. काँक्रीटच्या रस्त्यावर काय दुखणार आहे?"

"म्हणजे सीटमधले शंभर संवेदक खोटं बोलतात?"

"मी खोटं बोलतेय का मग?"

भाताचा घास त्याच्या हातातच राहिला. "तू खोटं बोलत नाहीस," तो हळूच म्हणाला. "तू सहन करतेस. ते वेगळं. तुला सवयच आहे."

दुखत नाही म्हटलं तर ती सोसतेय. चिडली तर आकडा वाढतो. गप्प बसली तर पटलं असं होतं. कुठूनही गेलं तरी दार बंदच.

तेच अहवाल विमा कंपनीकडे जात होते आणि तिथून दूध संघाकडे. संघाच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतलं. ते चांगलेच बोलले. "मॅडम, तुमच्या अनुभवाचा आम्हाला इथं ऑफिसातही उपयोग आहे. पण फील्डवर पाठवून तुम्हाला काही झालं, तर आकडे आमच्याच अंगावर येतील." तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि लसीच्या साठ्याचं काम. वाड्यांमधून फोन यायचे. गायीला ताप आहे, शेळी चरत नाही, काय देऊ. ती फोनवर सांगायची. फोटो मागवायची. जनावराच्या पोटावर हात ठेवून जे कळतं ते फोटोत कुठून कळणार?

एका दुपारी ती संघाच्या आवारात उभ्या गाडीत बसून डबा खात होती. गाडी बंद होती, फक्त पडदा सुरू. मंदाचा फोन आला.

"मॅडम, आपली चांदी गाभन ऱ्हायली! तुमी टोचलेली तीच."

चांदी म्हणजे मंदाची म्हैस. दोन वर्षं ती फळत नव्हती. मंदा तिला विकायला निघाली होती, तृप्तीनं थांबवलं होतं. सावरदऱ्याच्या त्या एकाच खेपेत तिनं चांदीला कृत्रिम रेतन केलं होतं.

"काय सांगतेस मंदा!" तृप्ती ओरडली.

आणि तिची नजर पडद्यावर गेली. आकडा बारा होता. तो तिच्या डोळ्यांदेखत चढत गेला. तीस, पंचेचाळीस, अठ्ठावन्न.

गाडी जागची हललेली नव्हती. इंजिनही बंद होतं. तृप्ती घास हातात धरून त्या आकड्याकडे बघत राहिली. फोनवर मंदा बोलतच होती.

*

"तुमचं निरीक्षण बरोबर आहे," नाशिकच्या सेवा केंद्रातले इंजिनिअर वैराळे म्हणाले. चष्मा पुसत पुसत ते बराच वेळ शब्द शोधत होते. "वेदना झाली की शरीर काय करतं? हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, श्वास रोखला जातो. आता एकदम आनंद झाला तर? ओढ लागली तर? जवळपास तेच होतं. सीटला फक्त शरीर कळतं. त्या शरीराला नेमकं काय झालं ते कळत नाही. वेदना ओळखणारं हे मॉडेल जखमी माणसांवर शिकवलेलं आहे. त्यांच्यात तसं आवळणं म्हणजे बहुतेक वेळा दुखणंच होतं."

"म्हणजे जिथं माझं मन लागतं ते सगळे रस्ते गाडीनं बंद केले."

वैराळ्यांनी मान खाली घातली. "आणि ते आपोआप उघडत नाहीत. हमी आहे ना. मर्यादा कमी करायला मशीनला परवानगी आहे, वाढवायला नाही."

"मग तुम्ही वाढवा."

"मालकांची संमती लागेल. जबाबदारी घेतल्याची. मग सांभाळ बंदच होतं. हमी जाते, डॅम्पर घट्ट होतात."

"माझ्या संमतीनं नाही होणार?"

"तुम्ही सुरक्षित प्रवासी आहात, मॅडम," वैराळे म्हणाले. ते बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी तिनं निशिकांतला सगळं सांगितलं. त्याला गाडीत शेजारी बसवून लेकीला फोन लावला. लेक ओवी बंगळुरूला शिकत होती. तिचा आवाज ऐकताच आकडा एकेचाळीसवर गेला. निशिकांतनं तो बघितला. दारात उभ्या गाडीत बघितला.

"बघितलंस?"

"बघितलं. एका फोननं आकडा वाढला. मान्य. पण म्हणून सगळेच आकडे चूक होत नाहीत. खडकाच्या वाटेवर एकोणनव्वद आला, त्यातला आनंद किती आणि हादरे किती, हे तू सांगू शकतेस?"

"हो. मी सांगू शकते. मीच सांगू शकते."

"आणि तूच चुकलीस तर? त्या म्हशीजवळ जाऊ नका, ती बिथरलीय, असं सगळे सांगत होते. 'काही होत नाही' असं तूच म्हणालीस ना?"

तृप्तीला लागलं, कारण ते खरं होतं.

"मी संमती देणार नाही," तो म्हणाला. "तू चीड माझ्यावर. पण मला तुला परत त्या खाटेवर बघायचं नाही."

*

त्यानंतर काही महिने ती चिडलीही नाही. निमूटपणे ऑफिसला जायची, यायची. गाडीत बसली की डोळे मिटून घ्यायची आणि मनात काहीच येऊ द्यायची नाही. आकडा कमी राहिला तर कदाचित एखादा रस्ता उघडेल, अशी वेडी आशा होती. आकडा खरंच खाली आला. आठ, सात, सहा. निशिकांतला वाटलं ती बरी होतेय. ओवी सुट्टीत आली तेव्हा मात्र म्हणाली, "आई, तू हल्ली हसायचंच विसरलीयेस का गं?"

रस्ते उघडले नाहीत.

मग तो रविवार आला. लोणीजवळच्या एका लग्नाहून दोघं परत निघाले होते. निशिकांत पुढे, तृप्ती मागे. मंदाचा फोन आला. तिला धाप लागली होती.

"मॅडम, चांदी अडलीय. सकाळधरनं कळा देतीया. दोन पाय भायेर आलेत, तोंड न्हाई दिसत."

"नाक? जीभ? काहीच नाही?"

"काईच न्हाई."

मान मागे वळलेली होती. हात घालून ती सरळ केली नाही तर रेडकू जाणार आणि त्यापाठोपाठ म्हैसही. तालुक्याचे डॉक्टर प्रशिक्षणाला पुण्याला होते. हे मंदानं आधीच विचारून घेतलं होतं.

"ओढू नकोस. कुणालाही ओढू देऊ नकोस. मी येते." तृप्तीनं फोन ठेवला. "निशी, सावरदरा फाटा."

निशिकांतनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडीला फाटा सांगितला. महामार्गावरून गाडी सुसाट गेली. फाट्याशी बाजूला घेऊन थांबली.

"पुढचा रस्ता तृप्ती यांच्यासाठी योग्य नाही."

"निशी, तुझ्या आवाजावर होतं ते. 'जबाबदारी माझी' एवढंच म्हणायचंय."

निशिकांतचे हात चाकावर होते. त्याचे ओठ हलले. पडद्यावर तिचा आकडा ब्याण्णव होता, लालभडक, आणि निशिकांत त्या आकड्याकडेच बघत होता.

"ब्याण्णव आहे, तृप्ती."

"मी घाबरलेय म्हणून आहे! दोन जीव आहेत तिथं!"

"मला नाही जमत," तो म्हणाला. "नाही जमत गं."

तृप्तीनं दार उघडलं. फाट्यावर पोपट मेंगाळचा दुधाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन वर निघाला होता. तिनं हात केला. अंगावर लग्नातली पैठणी होती. पोपटनं तिला ओळखलं, पुढची जागा झटकून दिली आणि टेम्पो धुरळा उडवत निघून गेला.

ते सात किलोमीटर तिला दुखलं. खरंखुरं दुखलं. प्रत्येक खड्ड्यात कमरेतल्या पट्टीपाशी कळ उठे आणि पायापर्यंत जाई. ती दोन्ही हातांनी सीट धरून थोडी वर उचलून बसली, हादरा मांड्यांवर घेऊ लागली. एका चढापाशी तिनं पोपटला थांबायला सांगितलं, खाली उतरून चार पावलं चालली, पुन्हा बसली. हळू म्हटलं की पोपट हळू घेई, चल म्हटलं की निघे. किती वेळ सोसायचं आणि कुठं थांबायचं, हे तिचं तीच ठरवत होती.

गोठ्यात तिनं पैठणीवर मंदाचा जुना गाऊन चढवला. वाकणं शक्य नव्हतं, म्हणून गोणपाट अंथरून ती कुशीवर आडवी झाली आणि हात आत घातला. बाहेर आलेले पाय आधी मागे लोटले. मग बोटांना मान लागली, गाल लागला, जबडा लागला. दोन कळांच्या मध्ये जेवढी सवड मिळे तेवढ्यात ती तोंड पुढे आणत होती. घामानं तिला दिसेनासं झालं. शेवटी नाक वळलं.

"आता ओढ, मंदा. कळ येईल तेव्हाच. खाली, पायांकडे."

रेडकू बाहेर पडलं तेव्हा ते हलत नव्हतं. तृप्तीनं त्याच्या नाकातला चिकटा काढला, काडी घातली, बरगड्या चोळल्या. मग ते शिंकलं. मंदा मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

*

निशिकांत अर्ध्या तासानं पोहोचला, तोही गाडीनंच. तृप्ती आत नव्हती, त्यामुळे गाडीला अडण्याचं कारणच नव्हतं. दगडधोंड्यांवरून ती त्याला पाळण्यासारखी घेऊन आली होती. गोठ्याच्या दारात तो उभा राहिला. चिखलानं माखलेली बायको, उभं राहायला धडपडणारं रेडकू, त्याला चाटणारी म्हैस. त्यानं सगळं बघितलं.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं तिला हात दिला. हात-तोंड धुऊन ती गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. तिला खरंच घरी जायचं होतं. गरम पाण्यानं अंघोळ करून आडवं व्हायचं होतं.

"या ठिकाणाहून तृप्ती यांच्यासाठी योग्य असा एकही रस्ता नाही," गाडी म्हणाली. "कृपया थांबा. मदत मागवू का?"

निशिकांतनं मदत मागवली. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की कंपनीची रुग्णवाहिका पाठवता येईल, पण तिच्यातही सांभाळच आहे. तृप्तीला आत घेतलं की तीही जागची हलणार नाही.

निशिकांत म्हणाला, "ठीक आहे. मी बंद करतो. जबाबदारी मा..."

"थांब," तृप्ती म्हणाली.

तो वळून बघू लागला.

"आत्ता म्हणतोयस, मला घरी न्यायचंय म्हणून. फाट्यावर मला पुढं जायचं होतं, तेव्हा नाही म्हणालास."

"तृप्ती, आत्ता हे..."

"मी तुला दोष देत नाहीये. तुझी भीती मला कळते रे. तू मला वळवायचास तेव्हा तुझे हात थरथरायचे, तेही मला कळायचं. पण मला न्यायचं तेव्हा चावी तुझ्याकडे, अडवायचं तेव्हाही तुझ्याकडे. ते तेल पातळ असलं काय नि घट्ट असलं काय, मला काय फरक पडतो?" ती सावकाश खाली उतरली. "मी राहते इथंच. माझी पाठ एवढ्यात टेम्पोत बसायची नाही. आणि परवा या रेडकाला बघायलाच हवं."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"आणि मी?"

"तू ये ना. तुला गाडी आणते की."

मंदानं ओसरीलगतची खोली झाडून दिली. निशिकांत ऊन उतरेपर्यंत तिथं बसून राहिला. मग उठला आणि रिकाम्या गाडीतून गेला.

*

तृप्तीनं संघाला रजा कळवली. पहिले दोन दिवस ती आडवीच होती. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन गोठ्यापर्यंत गेली. मग शेजारच्या गोठ्यापर्यंत. पुढे वाडीच्या त्या टोकापर्यंत. चालणं पाठीला मानवत होतं. लोक लांबलांबून जनावरं घेऊन यायला लागले. अवघड जनावर असेल तर ती सकाळच्या गारव्यात पाऊलवाटेनं चालत जायची, थकली की बांधावर बसायची. काही दिवस फार दुखायचं. त्या दिवशी ती कुठंच जायची नाही.

निशिकांत दर रविवारी गाडीनं यायचा. कपडे आणायचा, औषधं आणायचा. दोघं ओसरीवर बसून ओवीबद्दल बोलायची, कारखान्याबद्दल बोलायची. गाडीचा विषय कुणीच काढत नसे. जाताना तो एकदा तरी तिच्याकडे असा बघायचा की तिला वाटे, उठावं आणि जावं त्याच्याबरोबर. पण जाणार कशी? ती आत बसली की गाडी हलणार नव्हती, आणि टेम्पोचे हादरे पाठीला अजून सोसत नव्हते. आणि 'आता बंद कर ते' असं तिच्या तोंडून निघत नव्हतं. चौदा वर्षं हिंडून जी माया जोडली होती तिच्यात ती मोकळी होती, आणि या डोंगराखाली मात्र तिला उतरता येत नव्हतं. रात्री पडल्यावर कधी कधी तिला वाटे, एक पिंजरा सोडून आपण दुसऱ्यात येऊन बसलो. हा जरा हवेशीर, एवढंच.

एका रविवारी निशिकांत ठरल्या वेळेला आला नाही. बारा वाजून गेले. तृप्तीनं दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहिलं. मग चढावरून पोपटचा टेम्पो खडखडत आला आणि वडाखाली थांबला. पुढच्या दारातून निशिकांत उतरला. उतरला म्हणजे दार धरून आधी एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि तसाच वाकून उभा राहिला. त्याचे केस धुळीनं पांढरे झाले होते.

"गाडी कुठाय?"

"फाट्यावर."

"का? बिघडली?"

"नाही. मीच ठेवली तिथं," तो म्हणाला. एक हात कमरेवर ठेवून तो दोन पावलं चालला आणि थांबला. "केवढे खड्डे आहेत गं."

तृप्तीनं पुढे होऊन त्याच्या दंडाला धरलं.

"दुखतंय?"

"दुखतंय," निशिकांत म्हणाला. "कुठं ते सांगतो. आधी बसू दे."